औषध वाळलं, म्हणजे संपलं असं नाही

श्रावणातली गोष्ट. इंदूरहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, आमचा गोट्या दोन दिवस काही खातच नाही गं. नुसता डोळे मिटून पडलाय."

गोट्या म्हणजे तिच्या मुलाचं कासव. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, दुकानात सर्रास मिळणारं रेड-इअर्ड स्लायडर. आणलं तेव्हा मुठीत मावत होतं, आता ताटलीएवढं झालंय. घरामागच्या हिरवळीवर त्याचा टब असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याची गवतावर फेरी होते.

पाणी बदललं का, ऊन मिळतं का, असं सगळं विचारून झालं. मग विचारलं, "बागेत काही मारलं होतं का?"

पलीकडे क्षणभर शांतता. "पाच दिवसांपूर्वी माळ्याने हुमणीसाठी औषध ओतलं. पण ते वाळेपर्यंत गोट्याला घरातच ठेवलं होतं की!"

तिची चूक नव्हती. सगळे हेच सांगतात: वाळलं की झालं. चपला घालून गवतावरून चालणाऱ्या माणसापुरतं ते बरंचसं खरंही असेल. कासवाचं तसं नसतं.

कासवाला धोका जास्त का?

कासव गवतावरून पोट घासत चालतं. त्याची कातडी, पोटाकडचं कवच, पाय सगळं गवताला आणि मातीला लागतं. संध्याकाळी पाणी घातलं किंवा पहाटे दव पडलं की वाळलेलं औषध पुन्हा ओलं होतं आणि अंगाला चिकटतं. मग स्वारी टबात उतरते. अंगावरचं औषध त्या पाण्यात जातं. स्लायडर खातो पाण्यात, पितो तेच पाणी आणि दिवसभर राहतोही त्यातच.

दुसरा धोका भक्ष्यातून. हुमणीचं औषध ओतलं की अर्धमेल्या अळ्या आणि गांडुळं वर येतात. कासवासाठी ही आयती मेजवानीच. गोगलगायींसाठी टाकलेल्या गोळ्यांचंही तसंच. गोळी कासवाने खाल्ली नाही, तरी गोळी खाल्लेली गोगलगाय ते खाऊ शकतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत फसवी. कासव थंड रक्ताचं, त्याच्या शरीराचा सगळाच कारभार संथ. शिवाय ते आजारपण लपवतं. त्रास दिसायला कधी कधी काही दिवस जातात आणि तोवर फवारणीची आठवणही पुसलेली असते.

आधी लेबल वाचा

आपण त्याला 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका. हा रंग कासवावर चाचणी घेऊन ठरवलेला नसतो. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला तुलनेने सौम्य वाटतात, पण पाण्यातल्या जिवांना ती फार घातक असतात.

'घरगुती' उपायांचंही तेच. तंबाखूचं पाणी कितीही देशी वाटलं, तरी त्यातलं निकोटिन हे जहालच.

फवारणी टाळता येत नसेल तर

• माळ्याला आधीच सांगून ठेवा: घरात कासव आहे, न विचारता काही मारायचं नाही. औषधाचं नाव लिहून घ्या, लेबलचा फोटो काढा.

• फवारणीआधी कासवाला घरात न्या. टब हलवता येत नसेल तर रिकामा करून झाका. नंतर धुऊन ताजं पाणी भरा.

• वारा असताना किंवा पावसाची चिन्हं असताना फवारणी नको. उताराने वाहणारं पाणी टबाकडे येत नाही ना, ते पाहा.

• कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेल्या हिरवळीवर त्या मोसमात कासवाला सोडूच नका. हा माझा नियम कडक आहे, पण सोपा आहे. दिवस मोजत बसावं लागत नाही.

• त्या हिरवळीचं कापलेलं गवत कासवाच्या जागेत पसरू नका.

• युरियासारख्या खताचे दाणे टाकल्यावर भरपूर पाणी घालून ते पूर्ण विरघळू द्या. टबाजवळ खत टाकूच नका.

• डासांसाठी धूर करणारी गाडी गल्लीत आली, की टब झाका किंवा कासवाला आत घ्या.

• कुत्र्याच्या गोचिडांचं औषध कासवाला कधीही लावू नका. आयव्हरमेक्टिन तर कासवाच्या जिवावर बेतू शकतं.

त्याहून बरा उपाय

बागेचा एक कोपरा कासवाच्या नावाने सोडा. विटांचं बुटकं कुंपण, थोडं ऊन, थोडी सावली आणि तिथे कुठलंही रसायन नाही. हा कोपरा उताराच्या वरच्या बाजूला असावा. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा लव्हाळा खुरपीने गाठीसकट काढा. फरशीच्या फटींतल्या तणावर उकळतं पाणी ओता, अर्थात कासव आणि मुलं आत असताना. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचा. थोडं तण राहिलंच तर राहू द्या.

शंका आली तर

खाणं बंद, तोंडातून लाळ किंवा फेस, थरथर, मान वर न धरणं, पाय ओढत चालणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. कासवाला कोमट साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, तोंड पाण्याबाहेर ठेवा. दूध, तेल, मीठ काही पाजू नका. औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो घेऊन थेट पशुवैद्यांकडे जा. काही विषांवर उतारा असतो, पण कोणतं विष ते डॉक्टरांना कळायला हवं. कासवाला हाताळल्यावर स्वतःचे हातही साबणाने धुवा. फवारणी नसतानाही धुवा, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं देशी कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. कुणाकडे असेल तर वन विभागाला कळवा. आणि स्लायडरचा कंटाळा आला म्हणून त्याला तळ्यात सोडू नका. तो परदेशी आहे, इथल्या कासवांच्या तोंडचा घास पळवतो.

गोट्याचं काय झालं? बहिणीने माळ्याकडून डबा मागवला आणि त्याच संध्याकाळी दवाखाना गाठला. अकराव्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. "ताई, आज त्याने पालकाचं पान ओढलं!"

उजवा पाय अजून थोडा ओढतो म्हणे. हिरवळीत यंदा लव्हाळा माजलाय. मुलगा रोज शाळेतून आला की खुरपी घेऊन बसतो.