वाळूचा हिशेब

समुद्रकिनारा खचला की त्याची गणना नैसर्गिक आपत्तीत करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. दगड टाकले जातात, मदतीच्या घोषणा होतात आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. वस्तुतः पुष्कळ ठिकाणी हा निसर्गाचा कोप नसून माणसाच्या हिशेबातील चूक असते.

किनाऱ्यावरची वाळू स्थिर नसते. उथळ पाण्यात लाटेची हालचाल तळापर्यंत पोहोचते व वाळूचे कण ढवळून निघतात. लाटा तिरप्या येऊन फुटल्या की किनाऱ्यालगत प्रवाह निर्माण होतो व तो हे कण पुढे नेतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ही वाळू उत्तरेकडे, तर ईशान्य वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे सरकते. वर्षअखेरची शिल्लक मात्र उत्तरेच्या बाजूने राहते.

या वाटेत भिंत घातली म्हणजे काय होते? मद्रास बंदराच्या भिंतींचे काम १८७० च्या दशकात सुरू झाले. त्यांच्या दक्षिणेस वाळू साचून मरीनाची पुळण रुंदावली. उत्तरेस रोयापुरमचा किनारा समुद्राने गिळला. हा धडा समोर असतानाही पुदुच्चेरीत १९८९ साली बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. दक्षिणेस अडलेली वाळू उत्तरेस नेऊन टाकण्याची योजना होती. ती नेमाने पाळली गेली नाही. अखेर २०१८ साली पाण्याखाली कृत्रिम अडसर उभारून पुळणीचा काही भाग परत मिळवावा लागला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, येथे लाभ बंदराच्या खात्यात जमा होतो आणि खर्च शेजारच्या कोळीवाड्याच्या नावे पडतो. बंदरे नकोत, असा याचा अर्थ नव्हे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेथील तळ खडकाळ, भरती-ओहोटीचे प्रवाह प्रबळ; म्हणून मद्रासचे उदाहरण तेथे जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु तत्त्व तेच आहे. किनाऱ्याची मोजणी दरवर्षी व्हावी, ती लोकांसमोर यावी आणि गाळ-वाळू हलविण्याचा खर्च बंदराच्या नित्य खर्चात धरला जावा. समुद्र आपली बाकी सोडत नाही; ती कोणी फेडावयाची, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.