पायावरच्या निळ्या शिरा

मागच्या रमजानात मोहल्ल्यातल्या एका घरी आम्ही बायका तरावीहला जमत होतो. आठ रकअतनंतर माझे पाय भरून आले, म्हणून उरलेली नमाज मी बसून पढली. पस्तीस मिनिटांचे तास उभ्याने घेणाऱ्या मास्तरणीचे पाय ते! शेजारच्या खाला हसल्या, मग हळूच सलवार वर केली. पोटरीवर दोरीसारख्या गाठाळलेल्या शिरा, घोट्याच्या वर काळी पडलेली कातडी आणि त्यात एक ओली जखम. "दो साल हो गए. किसको दिखाऊँ?"

पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली पडू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. झडप निकामी झाली की रक्त खाली साचते, शीर फुगते. तासन् तास एका जागी उभे राहणे, बाळंतपणे, वाढते वजन, घराण्यातला वारसा ही याची कारणे. कामठीचा लूम कामगार असो की चुलीपुढची बाई, पाय सारखेच थकतात.

खालांना भीती ऑपरेशनची होती. हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाच्या अबुल कासिम जहरावींनी 'अत-तसरीफ'मध्ये चिरे देऊन फुगलेली शीर बांधण्याची आणि ओढून काढण्याची रीत लिहिली. विसाव्या शतकातले ऑपरेशनही त्याच जातीचे होते. आता तसे नाही. सोनोग्राफीत पाहत गुडघ्याजवळ सुई टोचतात, शिरेत बारीक तार सरकवतात, भूल फक्त त्या शिरेभोवती देतात आणि लेसरच्या किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात. रक्त खोलवरच्या शिरांनी जाते. बहुतेकांना त्याच दिवशी चालवत घरी पाठवतात. काही शिरांसाठी फेसाचे इंजेक्शन असते. इंग्लंडच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांत उष्णतेचा उपचार पहिला आणि चिरफाडीचे ऑपरेशन शेवटी ठेवले आहे. 2018च्या तिकडच्याच एका अभ्यासात शीर लवकर बंद केल्यास जखम लवकर भरल्याचे दिसले.

मात्र हा जादूचा खेळ नव्हे. आधी डॉपलर सोनोग्राफी हवीच. नंतर काही दिवस काळेनिळे डाग, ओढ, बधिरपणा राहू शकतो, क्वचित गुठळी होते आणि काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. मेयो किंवा मेडिकलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा आणि सरकारी योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

हिजामाबद्दल आदर राखून सांगते, फुगलेल्या शिरेवर चिरा देऊ नका, झडप त्याने दुरुस्त होत नाही. शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हा, पाय उंच करा, घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजला, दुखला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहिला परद्याचा प्रश्न. लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर गरजेपुरता पाय इलाजासाठी दाखवण्याची मुभा उलमांनी दिली आहे. पट्टीवर मसह होतो, दाबाच्या मोज्यांचे काय, ते आपल्या मौलानांना विचारावे.

खालांना घेऊन मीच गेले. जखम भरायला तीन महिने लागले. आता फजरनंतर त्या आमच्यासोबत फिरायला येतात. दर वुजूला ते घट्ट मोजे काढा-घाला, एवढीच त्यांची कुरकुर आहे.