घटना बदलताना आपल्याला कोण विचारतो?



अमेरिकेत राहणारे नातलग निवडणुकीच्या दिवसांत सांगतात, की तिथल्या बहुतेक राज्यांत घटनेतली दुरुस्तीसुद्धा मतपत्रिकेवर छापलेली असते. हो की नाही, ते मतदार ठरवतो. हे ऐकले की आपल्या पॅरिशमधले तरुण विचारतात, ‘मग आपल्याला का कोणी विचारत नाही?’

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे गुजरातला किंवा महाराष्ट्राला स्वतःची वेगळी घटना नाही. देशाची घटना बदलायची तर कलम 368 प्रमाणे संसदेत विशेष बहुमत लागते, आणि काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमतीही. मतदार यात कुठेच नाही. जानेवारी 2020 मध्ये लोकसभेतल्या अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नियुक्त जागा संपल्या, तेव्हा त्या समाजालाही कोणी मतदान केंद्रावर बोलावले नव्हते.

एकदा मात्र थेट विचारले गेले. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याच्या मतदारांपुढे प्रश्न होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. (दमण आणि दीवला हाच प्रश्न गुजरातबद्दल होता.) मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. फुलाच्या बाजूला मराठीचे प्रेम होते, ते आम्ही समजू शकतो. पण ख्रिस्ती गोव्यात तेव्हाही अल्पसंख्यच होते. त्यांच्या एकट्याच्या मतांवर हा निकाल लागलाच नसता, शेजारच्या हिंदू घरांतूनही दोन पानांवर शिक्के पडले. आपला प्रदेश कुठे असावा हे तिथल्या माणसांनाच विचारायला हवे होते, आणि विचारले ते बरे झाले.

तरीही सगळेच मताला टाकावे, असे आम्हाला वाटत नाही. शुभवर्तमानात पिलातानेही लोकांना विचारले होते, बरब्बा हवा की येशू? येशू निर्दोष आहे हे त्याला कळले होते. निर्णयाचे ओझे जमावावर ढकलायचे आणि आपण हात धुवायचे, यासाठी तो प्रश्न होता. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचे वाचन होते तेव्हा जमावाची वाक्ये आपल्यालाच म्हणावी लागतात. दरवर्षी ती म्हणताना आवाज खाली जातो. निरपराध माणसाचा जीव हा मतदानाचा विषयच नव्हता, आणि माणसाचा विवेकही तसा विषय नाही.

याची एक आठवण आपल्या बारडोलीशी जोडलेली आहे. 1928 च्या सत्याग्रहात शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी कन्हैयालाल मुन्शींनी मुंबई कायदेमंडळाची जागा सोडली. तेच मुन्शी 6 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलले. आज कलम 25 मध्ये धर्म ‘प्रसार’ करण्याचा हक्क आहे, तो शब्द काढावा असे काही सदस्यांचे म्हणणे होते. ख्रिस्ती नसलेल्या मुन्शींनी तो ठेवावा म्हणून आग्रह धरला, आणि तो राहिला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना हा शब्द देशभर मताला टाकला असता, तर टिकला असता का? आम्हाला शंका आहे.

पण म्हणून आपण हात बांधून बसावे असेही नाही. गुजरातचा 2003 चा धर्मस्वातंत्र्य कायदा विधानसभेने केला, एप्रिल 2021 मधली त्याची दुरुस्तीही तिनेच. त्यातल्या काही कलमांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, असे याच कायद्याचे कलम 5 सांगते. प्रौढांच्या बाप्तिस्म्याची तयारी करून घेणाऱ्या आम्हा धर्मशिक्षकांना ते पाठ आहे. बाकी पॅरिशला मात्र ते ऐकीव माहीत असते, तेही घाबरवणाऱ्या अफवांतून. विधानसभेत हात वर करणारे आमदार आपल्याच मतांवर जातात. निवडणुकीत उमेदवार चर्चच्या आवारात येतात तेव्हा आपण रस्ता मागतो, नळ मागतो, फोटो काढतो. कलम 5 बद्दल तुमचे मत काय, हे आम्ही तरी कोणाला विचारताना ऐकलेले नाही.

आता विचारूया. नम्रपणे, पण सर्वांसमोर. त्याआधी कायद्याचा मजकूर एकदा मिस्सेनंतर एकत्र बसून वाचू. तो गुजरातीत आहे. घरी मराठी बोलणाऱ्या आजी-आजोबांना ओळीओळीचा अर्थ सांगायला शाळेत गुजराती शिकलेली नातवंडे आहेतच.