अनोळखी हातचे उत्तर

दहावीच्या गणितात २० गुण शाळेच्या हाती असतात आणि त्यांत गृहपाठही धरला जातो. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे. पण मोबाइलवर वर्गसमीकरणाचा फोटो टाकायचा आणि कुणा अनोळखी माणसाने पाठवलेले उत्तर वहीत उतरवायचे, याला घरात कुणी कॉपी म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

मदत मागणे मात्र गैर नव्हे. जे मूल आपल्या घरातून दहावीपर्यंत पोचलेले पहिलेच आहे आणि ज्याला शिकवणीची फी परवडत नाही, त्याने अडलेली पायरी कुणालाही विचारावी. ‘इथे मधल्या पदाची फोड का होत नाही?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. ‘सातव्या उदाहरणाचे उत्तर पाठवा, लवकर’ ही नुसती मागणी आहे आणि ती पुरवणारा उपकार करत नाही. मूल कुठे अडले हे त्याला ठाऊक नसते. उत्तर चुकले तर तो जबाबदारही नसतो. शिवाय साऱ्या वह्या बिनचूक आल्या की वर्गाला काय समजलेले नाही, हे शिक्षकांना कळण्याची वाटच बंद होते.

इंग्लंडने २०२२ मध्ये पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्या सेवांवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे मात्र शाळकरी मुलांमागे पोलीस नकोत. गृहपाठाचे गुण देण्याआधी शिक्षकांनी त्यातले एक उदाहरण फळ्यावर सोडवायला सांगावे आणि ज्याला जमले नाही त्याला न रागावता तिथेच समजावून द्यावे. शाळांनी हे याच सत्रापासून सुरू करावे.