डीमन चालू आहे, पण प्रत पुढे सरकते आहे का?

मध्य प्रदेशाने 2010 साली लोकसेवा हमी कायदा करून दाखले ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन देशात सर्वप्रथम स्वीकारले आणि विलंबासाठी जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 5000 रुपये दंड ठेवला. भोपाळपासून तहसिलींपर्यंत मुदतीचा हा हिशेब आता डेटाबेसवर चालतो. सोमवारचा अर्ज मूळ सर्व्हरवर नोंदला गेला, पण अहवाल ज्या प्रतीवरून निघतो ती शनिवारीच अडकली असेल, तर तो अर्ज अहवालात दिसतच नाही.

मूळ डेटाबेसातला प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन लावणे म्हणजे रेप्लिकेशन, आणि पडद्याआड अखंड चालून हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे डीमन. पोस्टग्रेस डेटाबेसच्या स्लोनी प्रणालीत प्रत्येक नोडसाठी, म्हणजे त्यात सहभागी असलेल्या प्रत्येक डेटाबेससाठी, 'स्लोन' नावाचा असा डीमन असतो. प्रक्रियांच्या यादीत त्याचे नाव दिसले की तपासणी झाली, असे मानण्याची सवय घातक आहे; कारण मधल्या फायरवॉलने जोडणी गुपचूप तोडली, तरी प्रक्रिया जिवंत राहून उत्तराची वाट पाहत बसू शकते. खरी स्थिती 'एसएल_स्टेटस' या दृश्यात कळते, जिथे समोरच्या नोडने किती घटनांची पोच अजून दिलेली नाही हे आकड्यात दिसते.

आकडाही फसवू शकतो. मायएसक्यूएलमध्ये प्रत किती सेकंद मागे आहे हे दाखवणारा रकाना केवळ पोहोचलेल्या नोंदींवरून मोजला जातो, त्यामुळे नेटवर्क मंद असताना प्रत बरीच मागे राहूनही तिथे शून्य दिसू शकते. पोस्टग्रेस 9.4 मध्ये, 2014 साली, आलेले रेप्लिकेशन स्लॉट उलट बाजूने घात करतात: प्रत बंद पडली की तिच्यासाठी राखलेल्या बदलनोंदी मूळ सर्व्हरवर साचत जातात आणि डिस्क भरून मूळ डेटाबेसच थांबतो. 2020 च्या 13 व्या आवृत्तीने यावर मर्यादा घालण्याची सोय दिली, परंतु ती आपणहून लागू होत नाही.

म्हणून मूळ सर्व्हरवरील एका छोट्या तक्त्यात दर मिनिटाला वेळ लिहावी, ती प्रतीवर वाचावी, फरक वाढला की इशारा जाईल असे पाहावे आणि दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली ठेवावीत, हीच पद्धत सर्वांत विश्वासार्ह आहे. वाचकांनी या महिन्यात, सहकाऱ्यांना पूर्वसूचना देऊन, चाचणीच्या क्लस्टरमधला डीमन एकदा मुद्दाम थांबवावा आणि इशारा किती मिनिटांनी, कोणाच्या फोनवर आला, हे नोंदवहीत लिहून ठेवावे.