विश्लेषण : नागपूरच्या मध्यवस्तीत छोट्या डिस्टिलरीला जागा मिळावी का?

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलांत मोहफुलांचा सडा पडतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये या फुलांवरील निर्बंध सैल केले. २०२२ मध्ये मोह, काजू यांपासूनच्या मद्याला ‘देशी’च्या यादीतून काढून ‘विदेशी मद्या’चा दर्जा दिला. मग नागपुरातल्या एखाद्या उद्योजकाने सीताबर्डी किंवा महालात गाळा घेऊन मोहाचे उंची मद्य तयार करायचे ठरवले, तर? आजच्या नियमांत उत्तर जवळपास ‘नाही’ असेच आहे. हा नकार निम्मा बरोबर आहे आणि निम्मा आळशी.

घोडे अडते कुठे?

राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना वेगळा आणि जमीन वापराची परवानगी वेगळी. जागा कोणत्या झोनमध्ये येते, हे विकास आराखडा ठरवतो. तिथे काय चालेल, हे २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत आहे. निवासी-व्यापारी भागात छोटे सेवा उद्योग चालतात. डिस्टिलरी मात्र प्रदूषण मंडळाच्या ‘लाल’ वर्गात मोडते. साहजिकच तिला बुटीबोरी किंवा हिंगण्याची वाट दाखवली जाते.

मग मायक्रोब्रुअरी कशी चालते?

पुण्यात २००९ पासून शहरातच ताजी बिअर तयार होते. पण बिअर आंबवली जाते, डिस्टिलरीत मद्य उकळून गाळले जाते. फरक आगीचा आहे. शुद्ध अल्कोहोलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसला, तर ४० टक्क्यांच्या मद्याची सुमारे २६ अंशांना ठिणगीने पेट घेऊ शकते. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. इतवारीच्या ज्या गल्लीत अग्निशमन बंबच वळत नाही, तिथे असा साठा नकोच. दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. फुलांचा कारखाना लहान असला, तरी त्याचे पाणी नाग नदीत जाता कामा नये.

मग नकार आळशी का?

कारण नियम ‘डिस्टिलरी’ हा शब्द पाहतो, लिटर पाहत नाही. रोज हजारो लिटर गाळणारा कारखाना आणि दोन-तीनशे लिटरचे एक भांडे, दोन्ही एकाच मापात. लंडनमध्ये सिपस्मिथ या छोट्या जिन उत्पादकालाही मोठ्या भांड्यांसाठी आखलेल्या परवाना पद्धतीशी झगडावे लागले. २००९ मध्ये वाट मोकळी झाली आणि मागून इतर छोटे उत्पादक आले. आपल्याकडे ही वाट बंद राहिली, तर फूल विदर्भाचे आणि कमाई दुसऱ्याची, हेच चालू राहील. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाचे ‘हेरिटेज’ मद्य बाजारात आणलेसुद्धा.

मार्ग काय?

महापालिकेने नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली ‘सूक्ष्म डिस्टिलरी’ हा स्वतंत्र वर्ग करण्याचा प्रस्ताव राज्याकडे पाठवावा. या कलमात नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. अटी कडक हव्यात : भांड्याच्या आकारावर आणि मद्यसाठ्यावर मर्यादा, रुंद रस्ता, वर कोणाची वस्ती नाही, अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि सांडपाण्याचा एक थेंबही गटारात नाही. हे जमत नसेल त्याने बुटीबोरीला जावे.

आणि दारूला विरोध?

तो खराच आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे लोकांचा लढा आहे. दारूचे दुकान बंद करायला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान आहे. तसा अधिकार इथेही रहिवाशांना द्यावा. पण दारू हवी की नको, हे झोनच्या नकाशाआड लपून ठरवू नये. नकाशाने आग, पाणी आणि रस्ता एवढेच पाहावे. बाकीचे लोकांनी उघडपणे ठरवावे.