गड कोणाच्या नावावर?

सिद्धगडाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. आता कळले. तो एका हौशी छायाचित्रकार गृहस्थांच्या नावावर आहे. खोटे वाटत असेल तर त्यांनी काढलेला फोटो बघा. बालेकिल्ल्यापासून पायथ्यापर्यंत, गडाच्या पोटावरून आडवे, त्यांचेच नाव!

झाले असे की, आमच्या भाचीला शाळेच्या प्रदर्शनासाठी भाई कोतवालांवर पाच मिनिटांची चित्रफीत करायची होती. माथेरानचा हा वकील १९४२ साली ‘आझाद दस्ता’ उभारतो काय, विजेचे मनोरे पाडतो काय, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे याच सिद्धगडच्या जंगलात हिराजी पाटलांसह गोळ्या झेलतो काय! वय अवघे तीस. आवाज तिने ‘ऑडासिटी’वर भरला, तुकडे ‘केडेनलाइव्ह’ने जोडले, अक्षरे ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये घातली. खर्च शून्य.

‘‘मामा, हे सगळं फुकट?’’

‘‘फुकट नाही गं, मोकळं.’’

हा फरक मी तिला मोठ्या ऐटीत समजावला, आणि मग अडलो तो गडाच्या फोटोपाशी. गृहस्थांना नम्रपणे विचारले. उत्तरादाखल दरपत्रक आले.

आता, फोटो त्यांचा आहे हे मला मान्य. कायदाही त्यांच्याच बाजूचा. परवानगी न विचारता नाव कापून फोटो पुढे ढकलणारे आपले व्हॉट्सअॅपी बंधू तर सरळसरळ चोर, आणि त्यांच्याच भीतीने नावाचे हे गोंदण आले. माझे भांडण वेगळेच आहे. या देशात दर रविवारी हजारो माणसे गड चढतात, लाखो फोटो काढतात, आणि ‘नाव द्या आणि खुशाल वापरा’ एवढी एक ओळ लिहायला कुणाचाही हात उचलत नाही! २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे लेख लिहायला माणूस एक वेळ मिळतो, पण फोटोसाठी हात पसरावे लागतात.

शेजारचे काका म्हणाले, ‘‘आणि उद्या माझ्या फोटोवर कुणी पैसे कमावले तर?’’

‘‘तुम्ही आजवर किती कमावलेत?’’

काकांनी पेपर तोंडासमोर धरला. (धंद्याला मज्जाव करणारा परवानाही मिळतो, मात्र विकिपीडिया तसला फोटो घेत नाही, हे मी त्यांना सांगणार होतो. पण पेपर खाली येईना.)

शेवटी मी स्वतःच सिद्धगडाला गेलो. गुडघ्यांनी वाटेत दोनदा असहकार पुकारला. मोबाइलवर अकरा फोटो काढले आणि घरी येऊन सगळे विकिमीडिया कॉमन्सवर चढवले: नाव द्या, वापरा, आणि तुमचेही असेच मोकळे ठेवा. भाचीने त्यातला एक घेतला. शेवटी श्रेयनामावलीत ‘छायाचित्र : मामा’ असे ठळक झळकले. गडाच्या डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा आला आहे, तो तिने तसाच ठेवला. म्हणाली, ‘‘मामा, तुझा वॉटरमार्क!’’